पारसची राख आणि दुधाची पिशवी

(जठारपेठ, अकोला येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘औद्योगिक त्याज्य पदार्थांपासून संमिश्र द्रव्ये’ असा छापला आहे. हे शीर्षक वाचून जे घरीच थांबले त्यांना मी दोष देणार नाही. शीर्षक माझेच आहे आणि ते वाचून माझ्या घरातूनही कोणी आलेले नाही. परंतु जे आले आहेत त्यांच्या हाती देण्यासाठी मी एक वस्तू आणली आहे. फरशीचा हा तुकडा पहिल्या रांगेपासून फिरू द्या. हातात तोलून पाहा, नखाने ओरखडून पाहा, हवे तर जमिनीवर आपटा. त्याचा सुमारे पाऊण भाग कोळशाची राख आहे आणि उरलेला पाव भाग म्हणजे आपल्या घरातून रोज सकाळी बाहेर पडणाऱ्या दुधाच्या पिशव्या. सिमेंटचा एक कणही त्यात नाही.

संमिश्र म्हणजे काय, हे वऱ्हाडातील माणसाला शिकवावे लागू नये. आपल्या आजोबांचे घर आठवा. पऱ्हाटीचा कूड, त्यावर माती, भुसा आणि शेण यांचा गिलावा, वर धाब्यावर खारी माती. नुसती माती वाळली की तडकते आणि नुसती पऱ्हाटी वाऱ्याने हलते. दोन्ही एकत्र आल्या की पऱ्हाटी ताण सोसते, माती दाब सोसते आणि घर दोन-तीन पिढ्या उभे राहते. एक द्रव्य बांधून ठेवणारे आणि दुसरे बळ देणारे, एवढीच संमिश्राची व्याख्या. विमानाच्या पंखापासून आपल्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या झाकणापर्यंत हेच तत्त्व आहे. फरक इतकाच, की आजोबांनी दोन्ही द्रव्ये शिवारातून आणली आणि आपल्या दारात आज जी दोन द्रव्ये पडून आहेत ती कोणालाच नको आहेत.

त्यांपैकी पहिले द्रव्य येथून फार दूर नाही. शेगावच्या वारीला रेल्वेने जाताना गायगाव मागे पडले की पारसच्या धुरांड्या दिसू लागतात. तेथील औष्णिक केंद्र १९६० च्या दशकापासूनचे. जुने लहान संच निवृत्त झाले आणि आता प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, एक २००८ मधला व दुसरा २०१० मधला. थोडे गणित मांडू. दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज होते. एका युनिटला अदमासे ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे दिवसाला सुमारे ८००० टन कोळसा. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. परदेशी कोळशात ते याच्या निम्म्याहूनही कमी, पण आपल्या भूमीने जे दिले ते हे आहे. तेव्हा दिवसाअखेर तीन हजार टनांच्या आसपास राख उरते. दहा टनांचा एक ट्रक धरला तर तीनशे ट्रक, आणि तेही दररोज. आपण येथे पंखा लावून बसलो आहोत, त्या पंख्याची सावली तिकडे पडत आहे.

या राखेतील पाचवा हिस्सा भट्टीच्या तळाशी साचतो. उरलेली धुराबरोबर वर जाते, तेथे विद्युतभारित पत्र्यांवर तिला अडवले जाते. तिला उडती राख म्हणतात. सर्व कोरडी राख उचलली गेली नाही तर पाण्यात कालवून ती राख बंधाऱ्यात सोडावी लागते. बंधारा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पाणी येते, पण हा बंधारा करड्या चिखलाचा असतो. उन्हाळ्यात त्याचा वरचा थर वाळतो आणि वारा सुटला की लगतच्या शेतातील पिकावर जाऊन बसतो. पावसाळ्यात काय होऊ शकते ते विदर्भाने १६ जुलै २०२२ रोजी पाहिले. नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा मुसळधार पावसात फुटला आणि तो गाळ शेतांत शिरला, नाल्यांमधून नदीपर्यंत पोहोचला. ज्यांच्या काळ्या जमिनीवर ती राख पसरली त्यांना तिचे रासायनिक सूत्र सांगून उपयोग नव्हता.

पण आपल्याला ते सूत्र पाहिले पाहिजे, कारण उपाय तेथेच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली उडती राख पाहिली तर मन थक्क होते. चुलीतल्या राखेसारखी ती ओबडधोबड नसते. भट्टीतील प्रचंड उष्णतेत कोळशातील माती वितळते, तिचे थेंब होतात आणि हवेत उडतानाच गोठतात. त्यामुळे तिचा कण म्हणजे काचेची सूक्ष्म गोळी असते, बहुतेक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान. त्यात मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना, थोडे लोह, थोडा चुना. काही गोळ्या आतून पोकळ असतात. त्या पाण्याहून हलक्या असल्याने बंधाऱ्यावर सायीसारख्या तरंगतात. ही साय वेगळी काढून रंगांच्या आणि हलक्या प्लॅस्टिकच्या कारखान्यांना विकली जाते आणि तिला साध्या राखेच्या कितीतरी पट भाव येतो.

चुन्याशी या राखेचे सख्य जुने आहे. आपले पूर्वज विटांची भुकटी करून ती चुन्याच्या घाणीत मळत आणि तिला सुरखी म्हणत. इटलीत ज्वालामुखीची राख त्याच कामी येई. भाजलेली सिलिका चुन्याला भेटली की दगडासारखी घट्ट होते, हे दोन्हीकडच्या गवंड्यांना ठाऊक होते. आधुनिक काळात अमेरिकेतील हंग्री हॉर्स धरणात आणि आपल्याकडे रिहंद धरणात ही राख सिमेंटबरोबर वापरली गेली. महाराष्ट्रात घाटघर येथे रुळाखाली दाबलेल्या काँक्रीटची जी धरणे झाली त्यांत सिमेंटच्या वाट्यातील निम्म्याहून अधिक जागा राखेने घेतली. विशाखापट्टणमच्या डॉ. भानुमतीदास आणि कालिदास या शास्त्रज्ञ दांपत्याने राख, चुना व जिप्सम यांची न भाजलेली वीट घडवली. आपल्या खारपाणपट्ट्यात मातीच्या विटेच्या भिंतीला लोणा लागतो आणि दर दोन वर्षांनी गिलावा झडतो. शिवाय एका वीटभट्टीसाठी नदीकाठची किती सुपीक माती खरवडली जाते, हे पूर्णेच्या काठी फिरणाऱ्यांनी पाहिलेच आहे.

सरकारी आकडे सांगतात की १९९६-९७ मध्ये देशात सुमारे ६ कोटी ८९ लाख टन राख निघाली आणि तिचा दहा टक्केही वापर झाला नाही. १४ सप्टेंबर १९९९ रोजी पहिली अधिसूचना निघाली, पुढे ती वारंवार कठोर होत गेली. २०२१-२२ मध्ये राख सुमारे २७ कोटी टनांवर गेली होती आणि वापर ९६ टक्क्यांच्या आसपास नोंदला गेला. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर न वापरलेल्या राखेवर टनाला १००० रुपये भरपाई लावली. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. तथापि या ‘वापरा’त सखल जमीन भरणे आणि रिकाम्या खाणी बुजवणे हेही धरलेले असते. खड्डा बुजवणे आणि वस्तू घडवणे यांना एकाच रकान्यात मांडणे मला पटत नाही. शिवाय बंधाऱ्यांत पूर्वीपासून साचलेले डोंगर आहेतच.

आता दुसरे द्रव्य. मोर्णा नदीची स्वच्छता जानेवारी २०१८ मध्ये अकोलेकरांनी हाती घेतली आणि पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख केला, हे येथे कोणाला सांगायला नको. आपल्यापैकी अनेक जण त्या वेळी नदीत उतरले होते. जलपर्णीच्या मुळांत काय गुंतलेले होते ते त्यांना विचारा. पिशव्या, वेष्टने, गुटख्याच्या पुड्या. जलपर्णी कुजून गेली असती, उरलेले कुजणार नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. तरी आपल्या कचरापेटीत डोकावून पाहा.

प्लॅस्टिक हा एक शब्द आहे, पदार्थ मात्र अनेक आहेत, आणि या विषयात बहुतेक माणसे येथेच चुकतात. शास्त्रात त्यांना बहुवारिके म्हणतात. एकाच लहान रेणूची हजारो कड्यांची साखळी. दुधाची पिशवी ११० अंशांच्या आसपास वितळते. तेलाचा डबा १३० ला. सिमेंटचे विणलेले पोते १६५ ला. पाण्याची बाटली मात्र २५० अंशांवर. नळाचा करडा पाइप तर वितळण्यापूर्वीच बिघडू लागतो आणि त्यातून आम्लाचा वायू निघतो. जुन्या विजेच्या बटणांचे काळे द्रव्य किंवा तंतूकाचेची टाकी कितीही तापवली तरी वितळतच नाही. ती दळून भुकटी म्हणूनच वापरता येते. हे सारे एका कढईत टाकून ‘प्लॅस्टिक वितळवले’ असे म्हणणे म्हणजे तूप, साखर आणि मीठ एकत्र तापवून पाक केला असे म्हणण्यासारखे आहे.

राख आणि पिशवी यांचा संयोग कसा होतो? पिशवीचे प्लॅस्टिक लवचिक, पाणी न शोषणारे, पण मऊ. राखेची गोळी कठीण, उष्णतेने न वाकणारी, पण स्वतः सुटी. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये राख मिसळली की त्या साखळ्यांना हलायला जागा उरत नाही आणि द्रव्य ताठ होते. राखेचे कण गोल असल्याने ते गोट्यांसारखे घरंगळतात आणि मिश्रण साच्यात नीट पसरते. अडचण अशी, की प्लॅस्टिकला तेलाचा स्वभाव आहे आणि राखेला पाण्याचा. दोघे एकमेकांना धरत नाहीत, ताण दिला की कण खोबणीतून निसटतो. म्हणून मध्यस्थ लागतो. असे काही रेणू आहेत की ज्यांचे एक टोक काचेला चिकटते आणि दुसरे साखळीत गुंतते. शेकड्यात एक-दोन भाग पुरेसे होतात. बैठकीतले दोन तुसडे पाहुणे ज्याच्यामुळे बोलू लागतात अशा माणसासारखे त्यांचे काम असते.

हे सर्व मी पुस्तकातून वाचले होते. मग निवृत्तीनंतर एका मित्राच्या शेडमध्ये आम्ही ते करून पाहिले आणि पुस्तकात काय लिहिलेले नसते ते कळले. पहिल्याच खेपेला फरशीच्या पोटात अनारशासारखी जाळी पडली. राख पावसाळी हवेत उघडी राहिली होती. तिने शोषलेल्या पाण्याची वाफ झाली. तेव्हापासून राख शंभर अंशांवर सुकवल्याशिवाय आम्ही वापरली नाही. दुसऱ्या खेपेला कोणीतरी जुन्या पाइपांचे तुकडे मालात मिसळले. शेडमध्ये असा उग्र दर्प उठला की काम करणाऱ्या दोघांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले आणि आम्ही सर्व अंगणात पळालो. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, कारण धोका मला ठाऊक होता आणि माल निवडताना मी तेथे उभा नव्हतो.

तिसरी फजिती वैशाखातली. फरश्या उत्तम झाल्या होत्या, दाबयंत्रावर त्यांनी चांगले आकडे दिले होते. मी त्या माझ्याच गच्चीवर बसवल्या आणि त्यांवर कूलरचा लोखंडी स्टँड ठेवला. मेच्या अखेरीस स्टँडचे चारही पाय फरशीत अंगठाभर रुतले! प्रयोगशाळेत फरशीवर दोन मिनिटे भार देतात, अकोल्याचा उन्हाळा तीन महिने भार देतो. सेहेचाळीस अंशांच्या हवेत काळसर फरशी साठ-पासष्ट अंशांना तापते आणि या प्लॅस्टिकला तेवढ्यानेही घाम फुटतो. भार थोडा असला तरी सतत राहिला की ते हळूहळू सरकत जाते. आता आपल्या हातात फिरत असलेल्या तुकड्यात राख वाढवली आहे, पिशव्यांबरोबर विणलेल्या पोत्यांचा भाग घातला आहे आणि मध्यस्थही घातला आहे. तरीही मी तो पायवाटेला वापरा असे सांगेन. टाकीखाली किंवा छपराला नव्हे. छपराला तर मुळीच नको, कारण त्यातील पाव भाग जळणारा आहे.

रस्त्याचे काम या दृष्टीने अधिक निर्धोक आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी २००२ मध्ये आपल्या आवारात पहिला असा रस्ता केला. खडी १६०-१७० अंशांना तापवायची, त्यावर प्लॅस्टिकचे बारीक तुकडे टाकायचे, ते अर्ध्या-एक मिनिटात खडीवर पातळ वेष्टनासारखे पसरतात, मग डांबर. डांबराच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के प्लॅस्टिक जाते, तेवढे डांबर वाचते, आणि वेष्टित खडीत पाणी मुरत नसल्याने खड्डे कमी पडतात. रस्त्यांच्या मानक संस्थेने २०१३ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली, २०१५ मध्ये केंद्राने शहरांलगतच्या महामार्गांसाठी त्याचा आग्रह धरला आणि २०१८ मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली. येथील आपल्या अभिमानाची गोष्ट घ्या. जून २०२२ मध्ये लोणी ते माना हा अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून विश्वविक्रम झाला. त्यात २,०७० टन डांबर लागले. एवढ्या कामात आठ टक्क्यांनी प्लॅस्टिक जिरवायचे ठरवले तर ते १६५ टन होते. दुधाची एक पिशवी तीन ग्रॅमची धरली तर साडेपाच कोटी पिशव्या!

खनिज त्याज्याचा विषय कोळशाच्या राखेवर संपत नाही. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना दर टनामागे एक ते दीड टन तांबडा चिखल उरतो. त्यात दाहक सोड्याचा अंश असतो. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीत आयका येथील कारखान्याचा बांध फुटला, दहा माणसे मेली आणि कोलोंतार, देवेचेर ही गावे तांबडी झाली. आपल्या सीमाभागात बेळगावला ॲल्युमिनाचा कारखाना आहे. तेथील चिखल त्यातील लोहासाठी सिमेंट कारखान्यांकडे जातो. नागपूरला अमरावती मार्गावर वाडी येथे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र १९८९ पासून आहे, आणि भोपाळची जी प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा आता ‘ॲम्प्री’ म्हणून ओळखली जाते तिने तांबडा चिखल किंवा उडती राख, ताग व राळ यांचे फळे घडवून त्यांची दारे केली. न्हाणीघराचे सागवानी दार पावसाळ्यात फुगते, खालून उधई लागते. हे फळे फुगत नाहीत आणि उधईला त्यांत खायला फारसे काही नसते. मेळघाटात एक साग वाढायला किती वर्षे लागतात, हे त्या जंगलात गेलेल्यांना माहीत आहे. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाटीचे फळे करण्याची रीतही बसवली आहे. माझ्या मते राख, पोती आणि पऱ्हाटीचा तंतू हे त्रिकूट वऱ्हाडात सर्वांत सोयीचे ठरेल, कारण तिन्ही पन्नास किलोमीटरच्या आत मिळतात.

आता उत्साहाला थोडा लगाम. आमच्यासारखी एक शेड दिवसाला फार तर दोन-तीन टन राख खाते आणि पारसला तीन हजार टन निघू शकते. तेव्हा संमिश्रांनी राख बंधारा रिकामा होईल असे जो सांगतो त्याने हिशेब केलेला नाही. बंधारा रिकामा करायला सिमेंट, विटा आणि रस्त्यांचे भरावच लागतील. संमिश्राचे महत्त्व पिशवीच्या बाजूने आहे, कारण मळलेल्या, फाटलेल्या पिशवीला भंगारवालाही हात लावत नाही. दुसरे, राखेत अत्यल्प प्रमाणात का होईना आर्सेनिक, पारा अशी द्रव्ये असतात. प्लॅस्टिकमध्ये ती बऱ्याच अंशी कोंडली जातात, पण राख चाळताना उडणारी धूळ थेट फुप्फुसात जाते. नाकाला रुमाल बांधून हे काम करू नये, योग्य मुखपट्टी हवी. तिसरे, अशी फरशी झिजली तर तिचे सूक्ष्म कण मातीत जाणार. म्हणून शेताच्या बांधावर किंवा विहिरीच्या काठी मी ती घालणार नाही.

परवा एका भगिनीने मला विचारले की आमच्या बचत गटाला हा उद्योग घरच्या अंगणात पत्र्याच्या पिंपाखाली जाळ लावून करता येईल का. मी त्यांना स्पष्ट नाही म्हटले आणि येथेही म्हणतो. उघड्या जाळावर प्लॅस्टिक वितळवणे म्हणजे स्वतःला आणि शेजारच्या लेकरांना विष पाजणे. तापमान मोजणारे यंत्र आणि वायू खेचून घेणारी सोय नसेल तर या कामाला हात लावू नका. गटांना करण्याजोगे काम त्याच्या आधीचे आहे, आणि आमची शेड खऱ्या अर्थाने अडली होती ती तेथेच. धुतलेल्या, वाळवलेल्या, एकाच जातीच्या पिशव्या आम्हाला मिळत नव्हत्या. आम्ही विकत घेतलेल्या मालातील तिसरा हिस्सा फेकून द्यावा लागे. जठारपेठेतील शंभर घरांनी दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून वेगळा न करता तिला लटकता ठेवला, पिशवी विसळून दोरीवर वाळवली आणि आठवड्याला एकदा दिली, तर आमच्या यंत्राला सर्वाधिक भाव देण्याजोगा माल त्यातून मिळेल. कापलेला कोपरा हाती लागत नाही, तो नालीतून मोर्णेकडेच जातो.

तो तुकडा आता शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलेला दिसतो. कृपया तो माझ्याकडे परत येऊ द्या. त्याच्या मागे शाईने तारीख घातलेली आहे. गेल्या मेपासून तो गच्चीवर कूलरच्या पायाखाली होता, आज येथे आणण्यासाठी काढला. त्याच्यावर उमटलेला खळगा मी मापून ठेवला आहे, दोन मिलिमीटरांहून थोडा कमी. उद्या सकाळी तो पुन्हा तेथेच ठेवायचा आहे.